पंक आणि हिप-हॉप एकाच गाण्यात बसवताना

प्रश्न थोडक्यात असा आहे. जळगावातला चौघांचा बँड: ड्रम, गिटार, बेस आणि अहिराणीत रॅप करणारा एक जण. पंकचा झपाटा हवा आणि शब्दही कळायला हवेत. सरावात मात्र गिटार सुरू झाली की रॅप बुडतो, आणि रॅपसाठी आवाज उतरवला की गाणं लुळं पडतं. गणपतीत मंडळाच्या स्टेजवर पहिला कार्यक्रम आहे. तर गिटारचा आवाज बदलणारं नवीन पेडल घ्यावं का, की माईक बदलावा?

सध्या दोन्हीवर पैसे घालू नका. माणसाच्या बोलण्यातली व्यंजनं साधारण २ ते ५ किलोहर्ट्झच्या पट्ट्यात कळतात आणि डिस्टॉर्शन (आवाज मुद्दाम फाटका, खरखरीत करणं) लावलेली गिटारही नेमकी तिथेच ओरडते. दोघं एकाच वेळी पूर्ण ताकदीने चालले तर चांगल्यातला चांगला माईकही काही करू शकत नाही. म्हणून कोणी कधी गप्प बसायचं हे आधी ठरवायचं, बाकीचं नंतर.

जगात हे ज्यांना जमलं त्यांनी हेच केलंय. लंडनच्या क्लॅश या पंक बँडने १९८० च्या अल्बममध्ये न्यूयॉर्कच्या रॅपचा ढंग उचलला, तेव्हा गाण्याचा कणा बेसवर ठेवला आणि गिटार बाजूला केली. बीस्टी बॉइज तर मुळात न्यूयॉर्कचा हार्डकोर पंक बँडच होता, रॅपकडे ते नंतर वळले आणि १९९२ मध्ये पुन्हा हातात वाद्यं घेतली. त्याच वर्षी रेज अगेन्स्ट द मशीनचा पहिला अल्बम आला. तो हेडफोन लावून ऐका: रॅप चालू असताना गिटार बऱ्याचदा एक छोटी, तुटक ओळ वाजवते आणि भरलेले कॉर्ड ओळींच्या मधल्या जागेत किंवा धृपदात येतात. ऐकताना जोर सतत जाणवतो, पण तो सतत वाजत नसतो.

आता टेम्पो, म्हणजे गाण्याचा वेग. बहुतेक नवे बँड इथेच फसतात. पंकचा भाग मिनिटाला १८० मात्रांना (म्हणजे १८० बीपीएमला), रॅपचा भाग ९५ ला, आणि मधे ड्रमर ब्रेक मारल्यासारखा थांबतो. ऐकणाऱ्याला दोन गाणी चिकटवल्यासारखं वाटतं. संपूर्ण गाण्याला एकच टेम्पो ठेवा, आणि तो असा निवडा की त्याचा निम्मा आकडा रॅपला आरामात बसेल. १७२ बीपीएम घ्या. पंकला तो व्यवस्थित धावता आहे आणि रॅपर त्यावर ८६ चा ठेका धरतो. पंकच्या भागात स्नेअर (कडक वाजणारा छोटा ड्रम) दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर. रॅप आला की किक (पायाने वाजणारा मोठा ड्रम) पहिल्या मात्रेवर, स्नेअर फक्त तिसऱ्यावर. हाय-हॅटचा (स्टँडवरच्या झांजांच्या जोडीचा) वेग तोच. बदलते ती फक्त स्नेअरची जागा, आणि तेवढ्यानेच गाणं निम्म्या गतीने चालल्यासारखं वाटतं.

बिघडतं ते वळणावर. निम्म्या ठेक्यात जाताना ड्रमरचा हाय-हॅटचा हात नकळत सैल पडतो आणि परत येताना तो घाई करतो. यावर सराव एकच: मेट्रोनोम १७२ ला न लावता ८६ ला लावा, म्हणजे क्लिक एकाआड एक मात्रेवरच पडेल, आणि चार बार (बार म्हणजे चार मात्रांचं एक आवर्तन) पंक, चार बार निम्मा ठेका असं सलग दहा मिनिटं वाजवा. सुरुवात ७६ पासून करा आणि स्थिर झालं की दोन-दोनने वाढवा. स्टेजवर उत्साहाच्या भरात १७२ चं १८० होतंच. त्या वेगाला रॅपरचा श्वास पुरत नसेल तर गाणं आधीच १६४ वर आणा. पाच टक्के वेग गेला म्हणून पंक मरत नाही, पण शब्द चुरगळले तर हिप-हॉप नक्की मरतं.

आता शब्दांकडे येतो, कारण खानदेशात राहून हे करण्यातला खरा फायदा इथे आहे. प्रमाण मराठीत ‘करतो, भरतो, मरतो’ अशी ओळ स्वरावर संपते, ती ओढली जाते. अहिराणीत ‘करस, भरस, मरस’, म्हणजे शब्द व्यंजनावर बंद होतो आणि स्नेअरसारखा पडतो. शिवाय मी, तू, तो सगळ्यांना एकच ‘करस’ चालतं, त्यामुळे यमकासाठी वाक्य पिळावं लागत नाही. उदाहरणासाठी दोन ओळी:

रातले पानी भरस, दिनभर उनमा मरस
लाईट कव्हय येस, कोन इचारस?
(म्हणजे: रात्री पाणी भरतो, दिवसभर उन्हात मरतो; लाईट केव्हा येते, कोण विचारतं?)

८६ च्या एका लांब बारमध्ये (तो १७२ च्या दोन बारांएवढा असतो) सोळा घरं धरा, दर मात्रेला चार. किक पहिल्या आणि नवव्या घरावर, स्नेअर पाचव्या आणि तेराव्यावर. आता ‘रात’ हा उच्चार बार सुरू व्हायच्या एक घर आधी टाका. मग ‘ले-पा-नी-भ’ एक ते चार आणि ‘रस’ बरोबर पाचव्यावर, स्नेअरसोबत. सहा-सात रिकामी. आठपासून ‘दिन-भर-उन-मा-म’, आणि पुन्हा ‘रस’ तेराव्यावर. चौदा-पंधरा रिकामी. दुसऱ्या ओळीत ‘ला-ईट-कव्-हय’ एक ते चार, ‘येस’ पाचव्यावर. सहा ते नऊ पूर्ण मोकळी. मग दहापासून ‘कोन-इ-चा’ आणि ‘रस’ तेराव्यावर. गिटारने वाजायचं ते या रिकाम्या घरांत: सहा-सातवर तळहाताने तारा दाबून दोन तुटक ठोके, चौदा-पंधरावर तसेच दोन. दुसऱ्या ओळीत सहा ते नऊ या चार घरांत हात उचलून पूर्ण कॉर्ड सोडला तरी एक शब्द झाकला जात नाही. हे कागदावर चौकटी आखून करा. तोंडी ठरवलं की गिटारवाला दुसऱ्या दिवशी विसरतो.

लिहिताना अक्षरं मोजू नका, उच्चार मोजा. ‘दिनभर’ लिहायला चार अक्षरं, बोलायला दोन ठोके. ओवीचा आठ अक्षरी चरण सावकाश म्हटला तर आठही अक्षरं उच्चारली जातात, बोलण्याच्या वेगात त्याचे पाच-सहाच उरतात. या टेम्पोला सोळापैकी अकरा-बारा घरं भरली तर रॅप दमदार वाटतो, चौदाच्या पुढे गेलं की शब्द ऐकणाऱ्याच्या हाताला लागत नाहीत. अहिराणी कळणाऱ्या माणसालाही पहिल्यांदा ऐकताना वेळ लागतोच.

बोलीबद्दल एक गोष्ट. धुळे, अमळनेर, पारोळा, चाळीसगावकडची अहिराणी आणि यावल, रावेर, भुसावळकडची लेवा गणबोली या वेगळ्या आहेत. बहिणाबाई चौधरींची गाणी अहिराणीत आहेत असं सर्रास म्हटलं जातं, पण ती लेवा बोलीतली. त्यांचं माहेर आसोदा जळगावपासून हाकेच्या अंतरावर आहे, तिथे जाऊन कान देऊन ऐकलं तर फरक कळतो. एका गाण्यात एकच बोली ठेवा. दोन्ही मिसळल्या की दोन्हीकडचे लोक हसतात, आणि ते बरोबरच असतं.

धृपद मात्र सगळ्यांना म्हणता आलं पाहिजे. पंकच्या धृपदात चार-पाच उच्चारांच्या वर जाऊ नका, कारण १७२ ला पूर्ण बार दीड सेकंदाचाही नसतो. रॅपर ‘लाईट उनी?’ (आली का?) म्हणतो आणि बाकी सगळे ‘गयी!’ ओरडतात. चार उच्चार दोन मात्रांत, उत्तराचे दोन उच्चार उरलेल्या दोन मात्रांवर. समोरच्या पोरांना हे शिकवायला लागत नाही.

गाण्याची लांबी साधारण अशी ठेवा: आठ बार पंकने सुरुवात, मग रॅपचे बारा लांब बार, आठ बार धृपद, पुन्हा रॅपचे आठ, धृपद, मग चार लांब बार फक्त बेस आणि किक, शेवटी दोनदा धृपद. १७२ ला हे सगळं दोन मिनिटांत संपतं. पहिल्या कार्यक्रमाला अशी सात-आठ गाणी, वीस मिनिटं, पुरे.

वाद्यांचं थोडक्यात. गिटारची सहावी तार ई वरून डी वर उतरवा. खालच्या तिन्ही तारांवर एक बोट आडवं ठेवलं की पंकला लागणारा साधा, भरीव पॉवर कॉर्ड मिळतो आणि वेगात हात चुकत नाही. तार सैल पडते म्हणून जाडी थोडी वाढवा, दहाच्या साध्या सेटऐवजी सगळ्यात जाड तार ५२ ची (०.०५२ इंच) असलेला सेट घ्या. गेन (डिस्टॉर्शनचा जोर) खोलीत बरा वाटतो त्यापेक्षा एक तृतीयांश कमी ठेवा. जास्त गेनमध्ये ठोक्याचं तोंड बोथट होतं, वर गिटार थांबली तरी हिस्स चालूच राहतो, आणि आपल्याला तर ती शांतताच हवी आहे. बेसवाल्याने बोटाऐवजी पिकने वाजवावं.

सॅम्पलरवरून (रेकॉर्ड केलेले आवाज वाजवणारं यंत्र) हिप-हॉपमधली ८०८ ड्रम मशीनची लांब, घुमणारी किक वाजवणार असाल तर नियम एकच: ८०८ वाजते तेव्हा बेस गिटार गप्प. दोन्ही एकत्र आले की खालचा आवाज फुगतो आणि एकही सूर कळत नाही. शिवाय ८०८ ला सूर असतो, तो गाण्याच्या सुरात लावून घ्या. डी मध्ये वाजवत असाल तर खालचा डी ३६.७ हर्ट्झला येतो. मंडळाकडच्या बेस बॉक्समधून ४० हर्ट्झच्या खालचं फारसं काही येत नाही, नुसता कोन हलतो. तोच सूर एक सप्तक वर, ७३ हर्ट्झला घ्या. सॅम्पलसाठी वेगळं यंत्र शोधत बसू नका. खानदेशातल्या कुठल्याही ऑर्केस्ट्राकडे ऑक्टापॅड (काठीने वाजवायचा इलेक्ट्रॉनिक पॅड) असतोच, त्यावर आपले आवाज भरता येतात का ते बघून तो भाड्याने घ्या. एका फटक्याला एक आवाज एवढंच वाजवा. लांब ट्रॅक लावलात तर ड्रमरच्या कानात क्लिक द्यावी लागते, आणि पहिल्या कार्यक्रमाला ती भानगड नको.

आता माईक. रॅपर लोकांना जाळीवर मूठ आवळून माईक धरायची सवय असते, दिसायला झकास दिसतं. पण माईकला समोरचं तेवढं ऐकू यावं यासाठी मागच्या बाजूने हवा आत जाण्याची वाट ठेवलेली असते, ती मुठीने बुजते. मग माईक चहूबाजूंनी आवाज घेतो, स्पीकर शिट्टी मारतो आणि आवाज डब्यातून आल्यासारखा होतो. दांड्यावर हात, ओठांपासून दोन-तीन बोटं अंतर, आणि ओरडताना तेच अंतर वीतभर. साधा डायनॅमिक माईक पुरतो, कंडेन्सर स्टेजवर आणूच नका.

अहिराणीचा जो ‘स’ आपण फायद्याचा म्हटला, तो माईकवर त्रासही देतो. त्याचा फुत्कार ५ ते ८ किलोहर्ट्झला असतो आणि उघड्या हाय-हॅटचा सळसळाटही तिथेच. दोन्ही एकत्र आले की प्रत्येक ओळीचा शेवट धुऊन निघतो. म्हणून रॅपच्या भागात हाय-हॅट घट्ट बंद, क्रॅश (मोठी झांज) अजिबात नाही. माईक तोंडासमोर सरळ न धरता थोडा तिरका, हनुवटीकडून धरला तर ‘स’ बराच मऊ होतो. मिक्सरला डी-एसर (‘स’चा फुत्कार दाबणारी सोय) असेल तर तो लावा, पण भरवसा तिरक्या माईकवर ठेवा.

साउंडवाल्याशी बोलणं ही सरावाइतकीच महत्त्वाची गोष्ट. त्याचा दिवस भजन, सूत्रसंचालन आणि डीजे यात जातो, त्यामुळे माईकवर इको ही त्याची सवय असते. १७२ ला इको म्हणजे आधीचा शब्द पुढच्याच्या डोक्यावर. जाऊन आधी एवढंच सांगा: ‘दादा, इको पूर्ण बंद, माईकचा लो-कट (खालचा घुमणारा आवाज कापणारं बटण) चालू.’ वाद घालू नका. एक ओळ इकोसह आणि एक इकोशिवाय म्हणून दाखवा, त्याला स्वतःलाच कळतं. मग रॅपरसमोर एक मॉनिटर (स्टेजकडे तोंड केलेला स्पीकर) मागा आणि त्यात फक्त त्याचा आवाज आणि स्नेअर द्यायला सांगा. मॉनिटर न मिळाल्यास बाजूचा एक छोटा स्पीकर आत वळवून घ्या. रॅपरला स्वतःचं ऐकू आलं नाही तर तो ओरडतो, आणि तिसऱ्या गाण्यात घसा बसतो.

दुसरी अडचण गिटारची. ऑर्केस्ट्रात गिटार थेट मिक्सरला जोडतात. स्वच्छ आवाजाला ते चालतं, पण डिस्टॉर्शन पेडल तशीच जोडली की डासांचं मोहोळ उठल्यासारखा आवाज येतो. कारण गिटार अँपचा स्पीकर ५ किलोहर्ट्झच्या वरचं स्वतःच कापतो आणि मिक्सर ते कापत नाही. तीस वॅटचा का होईना अँप न्या आणि त्यासमोर माईक लावा, नाहीतर कॅबिनेट सिम्युलेशन (अँपच्या स्पीकरची नक्कल करणारी सोय) असलेली पेडल वापरा. काहीच नसेल तर त्या चॅनेलचा ट्रेबल जवळपास पूर्ण उतरवा.

विजेच्या बाबतीत गंमत नको. भाद्रपदात पाऊस असतो, मंडपाखाली जमीन ओली असते आणि लाईट कधी जनरेटरवर, कधी खांबावरून. गिटारचा अँप एका बोर्डावर आणि साउंडचा मिक्सर दुसऱ्यावर असेल, अर्थिंग वेगळं किंवा गायब असेल, तर तारांना हात आणि माईकला ओठ लागताच शॉक बसतो. तो जीवघेणा ठरू शकतो. साधा मल्टिमीटर सोबत ठेवा. एसी व्होल्टवर लावून एक टोक गिटारच्या तारेला, दुसरं माईकच्या जाळीला. दोन-चार व्होल्टच्या वर काही दाखवलं तर वाजवू नका. सगळं एकाच बोर्डावरून, एकाच फेजवरून आणि खऱ्या अर्थिंगसह घ्या, बोर्डाला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (विजेची गळती झाली की पुरवठा तोडणारा स्विच) असू द्या. गुणगुण जावी म्हणून थ्री-पिनची अर्थिंगची पिन काढून टाकणारे महाभाग भेटतील. त्यांना हात लावू देऊ नका. गुणगुण घालवायला डीआय बॉक्सवर (वाद्य मिक्सरला जोडायची डबी) ग्राउंड लिफ्टचं बटण असतं. जनरेटरचं व्होल्टेज पडलं की ऑक्टापॅड बंद होऊन पुन्हा सुरू होतो, म्हणून तेवढ्यापुरता कॉम्प्युटरचा छोटा यूपीएस लावा.

परवानगी मंडळाने काढलेली असते, तरी वेळ स्वतः विचारून घ्या. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांप्रमाणे रात्री दहानंतर लाउडस्पीकर बंद, सणासाठी बारापर्यंत सूट वर्षात जास्तीत जास्त पंधरा दिवस, आणि तेही ठराविक. निवासी भागाची दिवसाची मर्यादा ५५ डेसिबल आहे, नुसता ड्रमही ती सहज ओलांडतो. आपला नंबर आरतीनंतर लगेच मागा. शेवटचा घेतला तर पोलीस यायच्या वेळेलाच तुमचं पहिलं गाणं लागेल.

सरावासाठी एमआयडीसीतलं पत्र्याचं गोदाम मिळालं तर स्वस्त पडतं, पण पत्रा आवाज परत फेकतो आणि सगळ्यांना वाटतं आपण जोरात वाजवतोय. अंड्याच्या ट्रेने काही होत नाही. जुन्या कापसाच्या गाद्या भिंतीपासून वीतभर सोडून उभ्या करा, ड्रमरच्या मागे आणि रॅपरच्या समोर आधी. एप्रिल-मेमध्ये सकाळी सहा ते नऊ हीच वेळ. पंचेचाळीस अंशांत तारा उतरतात, अँप तापून बंद पडतो आणि माणसंही.

पावरी (फुंकून वाजवायचं आदिवासी वाद्य) किंवा ढोल घ्यायची इच्छा पुढेमागे होईलच. पावरी डोंगऱ्यादेवाच्या उत्सवाशी जोडलेलं वाद्य आहे, तिचा आवाज नेटवरून उचलून सॅम्पल करू नका. वाजवणाऱ्याला बोलवा, कुठे वाजवलेलं चालेल हे त्याच्याकडूनच ऐका आणि मानधन द्या. तिचा सूर ठरलेला असतो आणि तो कीबोर्डच्या पट्टीत चपखल बसेलच असं नाही, म्हणून गिटार आणि बेस पावरीला लावा. ढोल आला तर त्या भागात किक काढून टाका.

शब्द उसने घ्यायचे असतील तर बहिणाबाईंची १९५२ च्या संग्रहातली गाणी कॉपीराइटमधून मोकळी आहेत, कारण लेखकाच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झालेल्या लेखनाला प्रकाशनानंतर ६० वर्षांचंच संरक्षण असतं. पण त्यांना नंतर लावलेल्या चाली आणि रेकॉर्डिंग यांचे हक्क वेगळे, ते सॅम्पल करायला परवानगी लागते. यूट्यूबवर गाजणाऱ्या अहिराणी डीजे गाण्यांचंही तसंच आहे. चार सेकंदांचा तुकडा घेतला तरी तुमचं गाणं खाली उतरवलं जाऊ शकतं. ‘उनी-गयी’सारखं स्वतःचं धृपद चौघांनी एकाच माईकभोवती उभं राहून तीनदा रेकॉर्ड करा, दर वेळी जागा बदलून. बारा जणांचा आवाज तयार होतो आणि त्यासाठी कोणाला विचारावं लागत नाही.